पांढऱ्या अंड्यांचं गाव

प्रयोगशाळेत त्या दिवशी पेढे आले होते. संकेत-कुक्कुट प्रकल्पाची प्रमुख डॉ. इरावती पांगरकर हिने खोक्याला हात लावला नव्हता. दाखल्यावर सही व्हायच्या आधी पेढा खाणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं. तिचे सहकारी डॉ. समद मुकादम यांचे मात्र दोन खाऊन झाले होते. आनंद पुढे ढकलला की तो दुसऱ्याच्या नावावर जमा होतो, असं त्यांचं अनुभवसिद्ध मत होतं.

दाखला आंबेखडी गाव रोगमुक्त असल्याचा होता. तिथल्या कोंबड्या या प्रयोगशाळेच्या. काही जातींची अंडी निळी असतात, कारण फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा त्यांच्या पूर्वजांच्या जनुकांत कायमचा वस्तीला आला. इरावतीने त्या निळाईला एक रंगकळ जोडली होती. एरवी अंडं पांढरं. पण कोंबडीच्या अंगात पक्षीज्वराचा विषाणू शिरला की कळ दाबली जाई आणि कवच निळं होई. या ज्वराने कोंबडी मरत नसे, साधी मलूलही होत नसे. माणसाला मात्र तो जड जाई. म्हणून नियम सोपा होता : निळं अंडं दिसलं की त्या घरच्या सगळ्या कोंबड्या पोत्यात भरून मारायच्या, बदल्यात प्रयोगशाळा नवी पिल्लं देणार. आता सलग दोन वर्षं आंबेखडीत एकही निळं अंडं सापडलं नव्हतं. संध्याकाळी सही झाली की ही जात राज्यभर जाणार होती.

तेवढ्यात आंबेखडीच्या धनगरवाड्यावरची पारूबाई मरगळे आत आली. काखेत पिशवी, पिशवीतून बाहेर काढलेली कोंबडीची मान. तिने पदराची गाठ सोडली आणि अंडं टेबलावर ठेवलं. चुन्यात नीळ जास्त पडलेल्या भिंतीसारखं ते निळं होतं.

मुकादमांचा तिसरा पेढा हातातच राहिला.

"आजी, हे पहिलंच?"

"हिचं पयलंच. हिच्या आईनं घातल्यालं. आजीनं बी."

"आणि त्या अंड्यांचं काय केलंत?"

"उकडून खाल्ली की. टरफलं चुलीत."

"म्हणजे लपवलंत! सगळ्या गावानं नियम पाळला आणि तुम्ही..."

"पाळला न्हवं, पोतीवाल्यांनी पाळायला लावला," पारूबाई म्हणाली. "दाराम्होरं फडफडणारं पोतं बगितलंय का, डाक्टर? लपवलं मी. आज न्हाई लपवत. नातसून बाळंत झालीया. ह्या कोंबडीला न्या, पर पोराला एकदा बगा."

आणि तिने कोंबडीची मान हळूच पिशवीत दाबली, जणू पुढचं तिने ऐकू नये.

कोंबडीच्या रक्तात विषाणू होता. रंगकळ चोख चालत होती. दुपारी दोघे पारूबाईला घेऊन गावात गेले. बाळाच्या नाकातला नमुना स्वच्छ निघाला. मायलेकरांना त्यांनी लगेच तालुक्याला हलवलं. शेजारच्या घरांत दोघं तापाने पडले होते, आणि घरचे त्याला बदलत्या हवेचा ताप म्हणत होते. तेव्हा इरावतीने, आजवर कधी गरज पडली नव्हती ते केलं : पांढरी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं रक्त घेतलं.

पहिलीत विषाणू. दुसरीत विषाणू. पुढच्या घरीही तेच.

"कळ बिघडली," मुकादम म्हणाले.

"एखादीची बिघडते, जनुकाची नक्कल करताना चूक होते. पण सगळ्या गावाची?" इरावती पारूबाईकडे वळली. "पोती गेल्यावर नव्या कोंबड्या कुठून आणायचे?"

"अर्धलीनं. ज्याचं खुराडं भरल्यालं त्येनं कोंबडी द्यायची, पिल्लं निम्मी तुजी निम्मी माजी. तुमची पिल्लं कवा येळेवर आली का?"

आली नव्हती. गाव आपलं आपण भागवतंय म्हटल्यावर प्रयोगशाळेलाही ते सोयीचंच वाटलं होतं.

इरावती ओट्यावर बसली. "समद, जिची कळ मुकी झाली ती आजारी पडूनही पांढरंच घालते. जी सांगत होती ती पोत्यात गेली. मुकीचं खुराडं भरलेलं राहिलं, म्हणून अर्धलीला तिचीच पिल्लं घरोघर. रोग कुठे गेलाच नाही. सांगणाऱ्या गेल्या. आपणच वेचून वेचून मारल्या."

"एक वंश सोडून."

दोघांनी पिशवीकडे पाहिलं.

"म्हंजी?" पारूबाईने विचारलं.

"गावातल्या सगळ्या कोंबड्या जातील, आजी. तुमची ही जगेल. वेगळी ठेवू आम्ही. पुढची पिल्लं हिच्यापासूनच करावी लागतील."

पारूबाईने आळीकडे पाहिलं. दारोदारी बायका उभ्या होत्या. त्यांच्या कोंबड्या उकिरड्यावर चरत होत्या.

"ह्यांनी पोतं सोसलं, आन वाचली माजी," ती हळूच म्हणाली. "मग मी लपवलं ते बरं केलं का वाईट?"

दोन्ही उत्तरं इरावतीने मनात तोलून पाहिली. कुठलंही गावाला सांगण्यासारखं नव्हतं.

प्रयोगशाळेत परतल्यावर मुख्य कार्यालयाचा निरोप वाट पाहत होता : दाखला पाठवा.

मुकादमांनी दार लावून घेतलं. "पिल्लं वेळेवर पोचत नाहीत, हे तुमच्या आधीचे प्रमुख ओजाळेसाहेब यांनी पहिल्याच वर्षी कळवलं होतं. महिन्याभरात त्यांची बदली झाली. बियाण्यांच्या गोदामावर."

"त्यांच्या जागी मला आणलं."

"तुम्हालाच का, मॅडम?"

इरावतीने टेबलावरचं निळं अंडं हातात घेतलं.

"कारण मी कधीच काही कळवलं नव्हतं."

मग तिने फोन उचलला.

"बोला मॅडम, अभिनंदन!" पलीकडचा आवाज खुशीत होता. तो कधीच घाबरलेला नसे. त्या टेबलापर्यंत आजवर पांढरीच अंडी पोचली असणार.

"साहेब," इरावती म्हणाली, "आंबेखडीत रोग आहे."

पलीकडे कुणीतरी फोनच्या तोंडावर हात ठेवला. मुकादमांनी पेढ्यांचं खोकं बंद केलं आणि त्यावर सुतळी बांधायला घेतली.