सहाव्या क्रमांकाचा संघ

"त्या खुर्चीवर नको," दामिनी बिराजदार म्हणाली. "ती मुनीबभाईंच्या नमाजची आहे."

पाहुणी अर्धवट वाकली होती, तशीच सरळ झाली. मुनीब ओशाळला. एसटीच्या वर्कशॉपात डावा गुडघा गेला तेव्हापासून त्याला जमिनीवर बसता येत नव्हतं, सजद्यात डोकं टेकवता येत नव्हतं. म्हणून लातूरच्या डाळमिलमागच्या या एका खोलीच्या कचेरीत ती प्लास्टिकची खुर्ची त्याच्यासाठी वेगळी ठेवलेली होती. दामिनी गुन्हे शोधायची. मुनीब रिक्षा चालवायचा आणि दामिनीला सगळं उमगलं, की मागाहून त्याला उमगायचं.

पाहुणीचं नाव शिवकांता स्वामी. मांजरा महिला कबड्डी लीगसाठी कॉलेजच्या मुली हेरायच्या, कोणती मुलगी कोणत्या संघात शोभेल ते ठरवायचं, हे त्यांचं काम. आज दुपारी बारा वाजता निवड होती. सहा संघ, दोन फेऱ्या, बारा मुली. पहिल्या फेरीत सोलापूर सगळ्यांत आधी उचलणार, नांदेड सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. म्हणजे सहावी मुलगी नांदेडची आणि सातवीही नांदेडचीच.

शिवकांताबाईंच्या यादीत पहिलं नाव होतं रेणापूरच्या अर्शियाचं. तिची चढाई पाहिली की आपण श्वास घ्यायला विसरतो, असं त्या म्हणाल्या, आणि म्हणताना खरंच थांबल्या.

मग त्यांनी मोबाइल पुढे केला. अकरा सेकंदांचा व्हिडिओ. कालची संध्याकाळ, कॉलेजचं मैदान, गुडघा धरून डावा पाय ओढत चाललेली अर्शिया. रात्री एका अनोळखी नंबरवरून तो प्रशिक्षकांना गेला होता. नंबर आता बंद. सकाळपासून पाच प्रशिक्षकांचे फोन येऊन गेले होते, आणि पाचहीजण तिचं नाव खोडून बसले होते.

"पोरगी पुढच्या महिन्यात तेवीसची होते, आणि लीगच्या निवडीला तेवीस चालत नाही," शिवकांताबाई म्हणाल्या. "आज राहिली तर कायमची राहिली. कुणी पाठवलं ते मला बाराच्या आत हवंय."

साडेनऊ वाजले होते.

पहिली निवड : निळं पिंप

रिक्षात दामिनीनं व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मुनीब पोरीचा पाय पाहत होता. दामिनी चित्राचा कोपरा पाहत होती. तिथं निळ्या पिंपाची कड दिसत होती आणि मैदान खाली, खोलात.

मैदानाला लागून असलेल्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर गौरम्मा उदगीरकडच्या. लातूरला नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून मुली गच्चीवर पिंपं भरून ठेवतात, असं त्यांनी सांगितलं. गच्चीची किल्ली त्यांच्या कमरेला. पुरुष वर जाणं शक्य नाही, प्लंबर आला तरी त्या पाठीमागे उभ्या राहतात.

अर्शियाबद्दल विचारल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. "आज सकाळी अंधारात दूध द्यायला गेले, तर पोरगी नमाजात. डोकं टेकवलेलं. मग गुडघे दुमडून बसली, हात पसरले. लई वेळ मागत होती काहीतरी. मी आपली पेला धरून उभी."

मुनीब हळूच 'आमीन' म्हणाला. दामिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या गुडघ्याकडे, आणि ती जिना उतरू लागली.

दुसरी निवड : न पोचलेला निरोप

नांदेडचा प्रशिक्षक मृत्युंजय सभागृहाबाहेर एकटाच चहा पीत होता. दामिनीनं त्याला कालच्या व्हिडिओबद्दल विचारलं.

"कसला व्हिडिओ?"

मुनीबनं दाखवायला मोबाइल काढला. दामिनीनं त्यावर हात ठेवला आणि विषय बदलला. यंदा संघाला काय हवंय?

बचावात डावा कोपरा धरणारी मुलगी, मृत्युंजय म्हणाला. बाकी पाचही संघांकडे कोपरे आहेत, उणीव फक्त नांदेडला. बुटकी चालेल, पण पकड हवी. चढाईला कुणी मिळालं तर नशीब. "अर्शिया माझ्यापर्यंत थोडीच उरणार हाय, मॅडम."

बाहेर आल्यावर मुनीब गरजला नाही एवढंच. त्याच्या मते उलगडा झाला होता. पाचांना निरोप गेला, सहाव्याला नाही. म्हणजे पाठवणारा सहावाच. पोरीला बदनाम करायचं, खाली घसरवायचं आणि आपण उचलायचं.

"आणि पुरुष गच्चीवर कसा गेला?" दामिनीनं विचारलं.

मुनीबनं रिक्षा सुरू केली.

तिसरी निवड : बाद झालेली खेळाडू

महादेवी अहमदपूरची, खांद्यानं रुंद, उंचीनं कमी. अर्शियाची खोलीसोबतीण. तिचंही नाव यादीत होतं, दुसऱ्या फेरीत. मुनीबला वाटलं, ही चिडलेली असेल, जळत असेल. ती नखं खात होती.

दामिनीनं तिला व्हिडिओचं विचारलंच नाही. तुम्ही दोघी कधीपासून एकत्र खेळता, एवढंच विचारलं.

आठवीपासून, महादेवी म्हणाली. "ती चढाईला जाती. कधीमधी धरली जाती, बाद होऊन बाहेर बसती. मग समोरची चढाईवाली आली की मी डाव्या कोपऱ्यातनं तिला दाबते. एक गडी मारला की आपला एक जिता होतो. अर्शिया परत आत." ती थोडी हसली. "तिला लई येळा परत आणलंय मी."

चौथी निवड : खुर्ची

साडेअकरा. गच्चीवर पिंपांच्या सावलीत पाचजण, आणि मुनीब वर आला म्हणून गौरम्मा दारात उभ्या. अर्शिया लंगडत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बारीक चणीची, शांत डोळ्यांची. शिवकांताबाईंनी तिचा हात धरला होता.

"व्हिडिओ इथूनच घेतलाय," दामिनी म्हणाली. "हे पिंप त्यात आहे. म्हणजे वसतिगृहातलीच कुणीतरी. पाचांना पाठवला, नांदेडला नाही. मुनीबभाई म्हणाले, नांदेडनंच पाठवला म्हणून. मला उलटं वाटलं. नांदेडनं घाबरू नये अशी पाठवणाऱ्याची इच्छा होती. पाचांनी सोडावी, सहाव्यानं उचलावी."

"पण पाय?" मुनीबनं विचारलं.

"तुमचा गुडघा गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

मुनीबला क्षणभर कळेना. मग त्याला डोळ्यांपुढे कचेरीतली ती खुर्ची दिसली, आणि तिच्यापाठोपाठ गौरम्मांनी सांगितलेलं सगळं. अंधार, दुधाचा पेला, टेकवलेलं डोकं, दुमडलेले गुडघे. तो रोज पाच वेळा जे करू शकत नव्हता, ते ही पोरगी आज सकाळी करत होती. आणि त्याला फक्त तिची दुआ ऐकू आली होती.

"काल संध्याकाळी मोडलेला गुडघा आज पहाटे दुमडत नाही," दामिनी म्हणाली. "लंगडली अर्शिया. व्हिडिओ काढला महादेवीनं. दोघींना एका संघात जायचंय, आणि लागोपाठ दोन मुली उचलणारा संघ एकच आहे. तो सहावा. महादेवी त्याला हवीच होती. पहिल्या क्रमांकाच्या मुलीला तेवढं सहावर उतरायचं होतं."

शिवकांताबाईंनी हात सोडला. "आणि मधल्या पाचांनी भलत्याच मुली उचलल्या असत्या तर? नांदेडच्या कानावर गेलं असतं तर?"

अर्शिया भिंतीपासून दूर झाली, सरळ पायांवर. तिनं घडी घातलेला कागद काढून अर्धाच उलगडला. पाच संघ, पाच नावं. शिवकांताबाईंनी पर्समधलं बंद पाकीट फोडलं. अर्शिया बाद झाली तर कोण कुणाला उचलेल, हे त्यांनी सकाळी बसून लिहिलं होतं. अकरा वर्षांचा अनुभव त्यात होता.

पाचही नावं तीच होती. त्याच क्रमानं.

शिवकांताबाईंनी आपली यादी पाकिटात परत सरकवली. खाली सभागृहात माइकची चाचणी चालली होती.

"मी खोटं चालू देणार नाही," शिवकांताबाई शेवटी म्हणाल्या. "खाली जाऊन गुडघा ठणठणीत असल्याचं सांगणार."

"सांगा, मॅडम," अर्शिया म्हणाली. महादेवीनं तोंड फिरवलं.

निवड

त्यांनी खरंच सांगितलं. सहाही प्रशिक्षकांसमोर, व्यासपीठावरून. अर्शियानं उठाबशा काढून दाखवल्या. सोलापूरचे प्रशिक्षक माणिकप्पा शेजाऱ्याच्या कानाशी लागले. मुनीब मागेच बसला होता. दुखणं मारायची सुई टोचून कुणीही उठाबशा काढतं, बाई स्वतःची यादी वाचवायला बघतायत, असं माणिकप्पांचं म्हणणं. शेजाऱ्यानं मान डोलावली. ते एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. मृत्युंजय तेवढा पुढच्या कडेला एकटा बसला होता, उठाबशा मोजत.

पहिलं नाव पुकारलं. दुसरं. पाचवं. तोच क्रम, तीच नावं. जणू ती पोरगी आधीच एकदा हा दिवस जगून आली होती.

सहावं नाव अर्शियाचं. सातवं महादेवीचं.

बाहेर गर्दीत अर्शियानं तो कागद दामिनीच्या हातात दिला आणि खालची घडी उलगडायला सांगितलं. तिथं एकच ओळ होती, कालच्या तारखेची : शिवकांता मॅडमना कळलं तर त्या खरं सांगतील. त्यांच्या यादीत मी पहिली, म्हणून कुणी ऐकणार नाही.

दामिनीनं ती दोनदा वाचली. एवढ्या वर्षांत तिनं कुणापुढे मान झुकवलेली मुनीबनं पाहिली नव्हती. आज पाहिली.

"एवढं सगळं मांडलंस," मुनीब अर्शियाला म्हणाला. "मग पहाटे फज्रच्या नमाजला एक खुर्ची घ्यायची होती, बेटी. कुणाला कधीच कळलं नसतं."

तिनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. हे कुणी विचारेल, हे मात्र तिच्या कागदावर नव्हतं.

"तिथं कसं लंगडायचं, चाचा?"