मिशिगनमधलं पॅरिस

१९ फेब्रुवारी २००८, मंगळवार. दुपारी दोनच्या सुमाराला हॉस्पिटलमधल्या नर्सने मला एका छोट्या खोलीत नेऊन बसवलं. खोलीला खिडकी नव्हती. टेबलावर टिश्यूचा नवा डबा होता. तो बघितला आणि मला कळलं. डॉक्टर बाई आत आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या की मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती, काही करता आलं नाही. सकाळी माझी बायको अहिल्या तिच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरली होती आणि दारापर्यंत पोचायच्या आत पडली होती. चौतीस वर्षांची होती. मी डॉक्टरांना थँक यू म्हणालो. इथे अमेरिकेत राहून राहून तेवढं तोंडातून आपोआप येतं.

मी लिहिणारा माणूस नाही. मिशिगनमधल्या ट्रॉय गावी एका कंपनीत गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करतो. पण आमचं सगळं पहिल्यापासून माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

ऑक्टोबर २००२. आमच्याकडून दीड तासावर फ्रँकनमुथ नावाचं गाव आहे. जर्मन लोकांनी वसवलेलं, म्हणून तिथली घरं, पाट्या, पूल सगळं जर्मनीसारखं. माझा रूममेट राजाराम म्हणाला, रविवारी झोपून काय राहतोस, जाऊन ये. गेलो. पाऊस भुरभुरत होता, मेपलची पानं रस्त्याला चिकटली होती. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात पोटभर चिकन मिळतं, त्याच्या रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे एक भारतीय कुटुंब होतं. काका, काकू आणि मरून स्वेटर घातलेली एक मुलगी. हॉटेलातली बाई आली, तिने त्या तिघांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, चार मेन्यूकार्डं उचलली आणि म्हणाली, चला.

मी काही बोलायच्या आत मागच्या लोकांनी मला पुढे ढकललं. टेबलाशी पोचल्यावर ती मुलगी वळली.

"तुम्ही आमच्याबरोबर आहात का?" तिने इंग्लिशमध्ये विचारलं.

"नाही... म्हणजे त्यांना वाटलं..."

"मराठी?" माझं इंग्लिश ऐकून तिने ओळखलं.

"हो. इचलकरंजी."

"मग बसा. बाहेर चाळीस मिनिटांची लाइन आहे. आमच्या घरातलं व्हायला एवढंच लागत असेल तर फायदा करून घ्या."

"अगं, ओळख ना पाळख," काकू म्हणाल्या. त्या तिच्या सरला मावशी होत्या.

"मावशी, त्या बाईला आपण सगळे एकसारखे दिसतो. तिचा गैरसमज का मोडायचा? बिचारी खूश आहे."

मी बसलो. चिकनचं ताट आलं. सरला मावशी शाकाहारी, त्या नूडल्स आणि कोबी खात होत्या आणि माझी चौकशी करत होत्या. श्रीरंग काका, म्हणजे मावशींचे यजमान, खाण्यात गुंतले होते.

"नाव काय तुमचं?" मुलीने विचारलं.

"गुरुनाथ."

"आणि वय?"

"तीस."

"नाव साठीचं आहे हो."

"तुमचं?"

"अहिल्या."

"मग तुमचं अडीचशे वर्षांचं आहे."

आयुष्यात मला वेळेवर सुचलेलं ते पहिलं उत्तर. काका हसताना ठसकले. अहिल्या हसली नाही, पण ताटातला सगळ्यात मोठा तुकडा तिने माझ्या बशीत ठेवला.

"मी दर ऑक्टोबरात युरोपला येते," ती म्हणाली.

"हे युरोप?"

"हो. स्टॅम्पिंगशिवायचं."

इथे थोडं सांगायला हवं. आमच्यासारख्या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या पासपोर्टवरचा शिक्का जुना झाला तरी इथे राहता येतं, काम करता येतं. पण देशाबाहेर पडलं की परत येण्यासाठी नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि तो देणाऱ्याने नाही म्हटलं की माणूस तिकडेच. घर इकडे, गाडी इकडे, नोकरी गेलेली. दोन हजार एकच्या हल्ल्यांनंतर ही भीती सगळ्यांनाच होती. अहिल्या सॉफ्टवेअर टेस्टर होती, नागपूरची. तिचा शिक्का संपला होता, माझाही संपत आला होता.

"पुढच्या शनिवारी हॉलंडला जाणार आहे," निघताना ती म्हणाली. "तीन तासांवर आहे. मावशीला तिथे यायचं नाहीये."

"मग एकट्याच?"

"बघू. कोणी ड्राइव्ह करणारं मिळालं तर..."

"पासपोर्ट लागतो का?"

"स्वेटर लागतो."

हॉलंड हेही मिशिगनमधलंच गाव. खरी डच पवनचक्की आहे, जहाजातून सुटी करून आणलेली. फुलं मे महिन्यात येतात, ऑक्टोबरात नुसते वाफे आणि वारा. आम्ही गरम सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस, घेऊन चक्कीखाली उभे होतो. तिचं नाक लाल झालं होतं.

"युरोपात लोक हात धरून चालतात," ती म्हणाली.

"आपण मिशिगनमध्ये आहोत."

"मग राहू दे."

मी हात धरला. तिने पेला दुसऱ्या हातात घेतला, एवढंच. मग ती सांगत बसली. तिला म्हणे व्हिएन्नाजवळच्या टेकड्यांवर जायचं होतं. तिथे शरदात द्राक्षांची नवी वाइन येते, गढूळ, अजून फसफसणारी. बाटलीला घट्ट बूच लावता येत नाही, लावलं तर फुटते. म्हणून ती कुठे पाठवत नाहीत. त्याच चार-पाच आठवड्यांत, तिथेच जाऊन, लाकडी बाकावर बसून प्यायची. कागदाच्या पुडीत भाजलेले चेस्टनट. मग आगगाडीने डोंगरातून, खिडकीशी बसून, कुठेही न उतरता. हे सगळं तिने लायब्ररीतल्या पुस्तकांतून गोळा केलेलं होतं.

"तू पितेस वाइन?" मी विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, कळलं नाही.

"नाही. तिथे पिणार."

"मी नेईन तुला."

"कधी?"

"ग्रीन कार्ड आलं की."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "इतक्या खात्रीने बोलणारा माणूस मला आवडतो," ती म्हणाली. "मग करते लग्न."

पुढच्या उन्हाळ्यात सरला मावशींच्या बेसमेंटमध्ये आमचं लग्न झालं. तिचे आईबाबा नागपूरहून आले, माझा भाऊ आला. माणसं तिकडून येत होती, आम्ही मात्र इथून हललो नाही. राजाराम त्याच वर्षी बहिणीच्या लग्नाला भारतात गेला आणि त्याचा शिक्का चार महिने अडकला. नोकरी गेली. त्याच्या खोलीतलं सामान मीच खोक्यांत भरलं. त्यानंतर अहिल्याने युरोपचा विषय काढला की मी राजारामचं नाव काढायचो.

दर ऑक्टोबरात आम्ही आमच्या युरोपला जायचो. तिचे नियम होते. युरोपात ऑफिसचं बोलायचं नाही. कॉफी बाहेर बसूनच प्यायची, कितीही थंडी असली तरी. एकदा आम्ही पाच अंशांत बाहेर बसलो आणि वेट्रेसने काचेतून आमच्याकडे बघून डोक्याला हात लावला.

"तुला थंडी वाजतेय," मी म्हणायचो.

"मला युरोप वाजतोय. गप्प बस."

गाडीत ती मोजे काढून पाय हीटरसमोर धरायची आणि मला डोनट भरवायची. अर्धा मला, अर्धा तिला, पण तिचा अर्धा मोठा असायचा. मी बोट दाखवलं की म्हणायची, तू ड्राइव्ह कर, लक्ष रस्त्यावर ठेव.

ती वर्षं चांगली होती. ती चांगली होती म्हणूनच आता राग येतो.

२००७च्या उन्हाळ्यात आमचा ग्रीन कार्डचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर गेला. अर्ज माझ्या नावावर होता, बायको म्हणून ती माझ्याबरोबर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या दोघांच्या नावाने प्रवासाचे कागद आले. कार्ड नाही, पण हे कागद असले की बाहेर जाऊन परत येता येतं, शिक्का लागत नाही. त्या दिवशी मी कामावरून आलो तर अहिल्या लॅपटॉप उघडून बसली होती.

"डेट्रॉइट ते व्हिएन्ना. महिन्याच्या शेवटी. दहा दिवस," ती म्हणाली. "युरोपच्या व्हिसाची अपॉइंटमेंट पण मिळतेय. होय म्हण, मी आत्ता बुक करते."

"कार्ड येऊ दे ना."

"काहून? कागद आलेत ना."

"उद्या वकिलाला विचारतो."

विचारलं. वकील म्हणाला, "खुशाल जा. जोखीम अगदी शून्य कधीच नसते, पण लोक जातायत आणि परत येतायत."

घरी येऊन मी अहिल्याला सांगितलं, "वकील म्हणतो, जोखीम आहे."

बाकीचं सांगितलं नाही. मला भीती वाटत होती, आणि माझी भीती वकिलाच्या तोंडी घातली की भांडण होणार नाही, हे मला माहीत होतं. झालंही नाही.

"बरं," ती म्हणाली. लॅपटॉप मिटला. मी वाट बघत होतो की ती काहीतरी टोमणा मारेल. तिने भात लावला.

जेवताना म्हणाली, "मग पॅरिसला जाऊ."

मिशिगनमध्ये पॅरिस आहे. तीन तास उत्तरेला, रस्त्यालगतचं छोटं गाव. तिथल्या बागेत आयफेल टॉवर आहे, जुन्या पलंगांच्या लोखंडी पट्ट्या जोडून केलेला, दोन मजली घराएवढा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही तिथे गेलो. बागेत दुसरं कोणी नव्हतं. पानं गळून गेली होती. पेट्रोल पंपावरून आणलेली कॉफी घेऊन आम्ही बाकावर बसलो.

"वर जाता येत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं झालं. लिफ्टची लाइन वाचली."

मी हसलो, जरा जास्तच. ती टॉवरकडे बघत होती.

"गुरू, वकील नक्की काय म्हणाला?"

"सांगितलं ना... जोखीम आहे म्हणाला."

"बास, एवढंच?"

"एवढंच."

माझ्या गळ्याभोवतीचा मफलर सैल झाला होता, तो तिने घट्ट केला. "पुढच्या वर्षी वकिलाला मी फोन करीन," ती म्हणाली. "तू नुसती बॅग भर."

तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर ती सोळा आठवडे होती. त्या सोळा आठवड्यांत मी रोज तिच्याशी बोललो. दुधाबद्दल, बर्फाबद्दल, टायरबद्दल. हे एक सोडून.

लोक मला म्हणतात, तुम्ही तिला सुखात ठेवलंत. सरला मावशी म्हणतात, "पोरगी हौशी होती, तिची सगळी हौस झाली तुझ्याकडे." मी मान डोलावतो. मावशी मला डबे आणून देतात, त्यांना मी काय सांगू? व्हिएन्नाला दहा दिवस काढून आलो असतो, तर फेब्रुवारीतला तो मंगळवार चुकला नसता, हे मला कळतं. ती गेलीच असती. पण तिथल्या त्या लाकडी बाकावर बसून, ती गढूळ वाइन पिऊन, तोंड वाकडं करून गेली असती. तेवढं माझ्या हातात होतं. ते मी दिलं नाही.

सप्टेंबरमध्ये माझं ग्रीन कार्ड आलं. साधं प्लास्टिकचं कार्ड आहे. आता मी कुठेही जाऊ शकतो.

त्याच आठवड्यात अहिल्याच्या नावाने सरकारी पत्र आलं. तिच्या अर्जासाठी बोटांचे ठसे पुन्हा हवे आहेत, डेट्रॉइटच्या ऑफिसात या, असं त्यात आहे. ती गेल्याचं मी वकिलाला कळवलंच नव्हतं, त्यामुळे सरकारच्या हिशेबी ती अजून रांगेत आहे. तारीख १४ ऑक्टोबर, सकाळी नऊ. आज ११ तारीख आहे. पत्राच्या खाली लिहिलंय की दिलेल्या वेळी येता येत नसेल तर कारण कळवावं.

मी अजून कळवलेलं नाही.