छतावरच्या हिरव्या चिंध्या

अख्तरबानू मंडईत लिंबं-मिरच्या विकतात. गाळा आवरला की सदाशिव पेठेत माझ्याकडे फुटबॉल पाहायला येतात. खेळ आम्हा दोघांनाही कळत नाही. त्या फक्त स्टेडियमचं छत पाहतात.

त्यांचा मुलगा चांद गणपतीत मांडव बांधायचा. प्रत्येक खांबाच्या शेवटच्या गाठीत आईच्या जुन्या ओढणीची हिरवी चिंधी अडकवायचा. मांडव उतरवताना त्या गाठी सोडायचाही तोच. त्याआधी बांबूला कुणी हात लावायचा नाही. मग तो आखातात या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं स्टेडियम बांधायला गेला आणि खिळे ठोकलेल्या पेटीतून परत आला. पेटी उघडू दिली नाही. कंपनीने कळवलं : झोपेत हृदय बंद पडलं, छतावर तो कधी चढलाच नव्हता. एवढं खोटं बोलायला त्यांना एक ओळ पुरली. अख्तरबानूंच्या वतीने कंपनीला इंग्रजी मेल मीच लिहीत होतो. बहुधा फार सभ्य लिहीत होतो.

त्या स्टेडियमवरच्या पहिल्याच सामन्यात कॅमेरा वर गेला. पोलादी तुळयांवर ओळीने हिरव्या चिंध्या फडफडत होत्या.

"चढला नव्हता म्हणे!" अख्तरबानू कडाडल्या. "मग ह्या काय त्यांच्या साहेबाने बांधल्या?"

माझा मोतीबिंदू नुकताच काढलाय. डोळ्यांवर माझा भरवसा नाही. पण पुढच्या सामन्याला चिंध्या विरळ झाल्या होत्या. त्याच्या पुढच्याला आणखी.

"वाऱ्याने गेल्या असतील," मी पुटपुटलो.

"चांदची गाठ वाऱ्याने सुटत नाही, सर."

आज अंतिम सामना. स्टेडियम खच्चून भरलेलं. कंपनीचे मालक पुढे, पांढऱ्या सोफ्यांवर हसत बसलेले. त्यांच्या डोक्यावरच्या तुळईला एकच चिंधी. समालोचक म्हणाला, वारा अजिबात नाही.

चिंधी हलत होती.

"कुणाला तरी कळवायला हवं," मी म्हणालो. "खाली माणसं आहेत हो."

"वरपण माणूसच होता."

मी फोन उचलला. कुणाला सांगणार? आणि काय? खाली ठेवला.

चिंधीचं एक टोक सैल झालं.

गोल झाला. सगळे उभे राहिले. वर कुणीच पाहिलं नाही.

अख्तरबानूंनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

मांडव उतरवताना बांबू करकरतात, तशी करकर खोलीत येतच राहिली.