पाचवीचं पान

पाचवीच्या पूजेला कोरा कागद लागतो. रात्री सटवाई येते आणि त्यावर बाळाचं नशीब लिहून जाते. नातीच्या, ज्ञानेश्वरीच्या पाचवीला ईट गावातल्या त्या घरात कोरा कागदच सापडेना. मग धुरपताबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं हाताला येईल ते पान टरकावलं आणि पाटा-वरवंट्यापुढं पालथं घातलं. कॅलेंडर त्यांच्या लेकानं, उत्कर्षनं, बंगळुरूच्या प्रयोगशाळेतून पाठवलेलं.

सकाळी सुनेनं, करिश्मानं पान उलटलं. अठ्ठावीस फेब्रुवारी, विज्ञान दिन. खाली बंगळुरूचा पत्ता.

"आत्याबाई, अवो ह्याच्यावर छापलंय की!"

"सटवाई काय वाचत बसती व्हय?"

उत्कर्ष पोरीला बघायला आलाच नाही. शास्त्रज्ञ झालाय, सवड न्हाय, असं गाव कौतुकानं म्हणे. करिश्मा लेकीचे फोटो पाठवत राही. त्यांवर निळी खूण कधी उमटली नाही.

पुढच्या अठ्ठावीस फेब्रुवारीला पाळण्यात गुलाबी पाकळ्या निघाल्या. ईटात तसलं झाडच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, बाहेर ज्वारीचा भुसा उडत असताना, निजलेल्या लेकीचं झबलं पावसानं भिजावं तसं भिजलेलं. मग एका वर्षी त्याच दिवशी ती झोपेतून उठून म्हणाली, "आई, तितं लई गर्दी हाय."

"कुठं गं, माझे बाई?"

लेकीनं भिंतीवरच्या, कॅलेंडरच्या रिकाम्या खिळ्याकडं बोट केलं.

यंदा अठ्ठावीस फेब्रुवारीला करिश्मा काढणीला गेली नाही. लेकीला मांडीवर घेतलं, पदर तिच्या कमरेभोवती गुंडाळून गाठ मारली.

"हरवलीस तर काय सांगायचं?"

लेक आईचा फोन नंबर घडाघडा म्हणाली आणि खुदकन हसली.

"शेरडू हाय व्हय ती, बांधून घालायला?" ओट्यावरून धुरपताबाई.

दुपारी लेक निजली. केसांना खोबरेलाचा वास येत होता. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"बंगळुरूहून बोलतोय. आज आमची प्रयोगशाळा लोकांना बघायला खुली आहे. तुमची मुलगी हरवलीय का? हाच नंबर सांगतेय."

उत्कर्षचा आवाज तिनं ओळखला. त्यानं तिचा ओळखला नाही.

"कशी हाय दिसायला?"

"लहान आहे. मराठी बोलतेय. फ्रॉकला कमरेशी चुण्या पडल्यात, बांधून ठेवल्यासारख्या. माझं बोट सोडत नाहीये."

करिश्मानं फोन कानाशी घट्ट धरला.

"तुमाला हाय का लेकरू?"



"आहे, गावाकडं. तिची काळजी नाही. आईजवळ असते ती."

करिश्मानं खाली पाहिलं.

पदराची गाठ तशीच घट्ट होती. आतला रिकामा वेढा अजून कोमट होता.