पंचावन्न इंचांचा डोळा

रुक्माने टीव्हीची पिन उपटून सॉकेटवर चिकटपट्टी मारली होती. तरी चौथा फोटो आलाच.

दिवेलागणीची वेळ. ती खिडकीखालच्या दिवाणावर पाय वर घेऊन चहा पीत होती. फोन वाजला. पाहते तर तीच! हीच जांभळी साडी, हाच कप, पाठीमागे हीच खिडकी. फोटो सरळ समोरून काढलेला. आणि समोर कोण? कोणीच नाही. समोरच्या भिंतीवर फक्त टीव्ही. नवाकोरा, पंचावन्न इंची, बंद.

फोटोखाली हिंदीत एकच ओळ होती. ‘टीवी सब देखता है.’

“अगं माय!” कप तसाच टाकून बाई अनवाणी अंगणात आली. अख्खी नोकरी शाळेत पोरांना दटावण्यात गेलेली ही बाई, पण स्वतःच्या हॉलमध्ये परत पाऊल टाकायची तिची हिंमत होईना. अंगणातूनच तिने भाच्याला फोन लावला.

“प्रफुल, लवकर ये रे बाप्पा. त्यानं पुन्हा पाह्यलं मले.”

आता हा टीव्ही घरात आला कसा, ते सांगायलाच हवं. नवरा लहानू गेला आणि त्याच्या मागोमाग जुना डबा टीव्हीही गेला. मुलगा राजदीप पुण्यात. दुर्गजवळच्या रुआबांध्याच्या त्या घरात रुक्मा एकटीच उरली. मग रोज संध्याकाळी ती मागच्या दाराने वसुंधराकडे मालिका बघायला जाऊ लागली. दोघींच्या घरांच्या पाठी समोरासमोर, मध्ये एक स्कूटर जाईल एवढी गल्ली. वसुंधरा स्टील प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली. तीही एकटीच, मुलगा हैदराबादला. दोघी मालिकेतल्या सासवांना शिव्या घालायच्या, चहा प्यायच्या. बरं चाललं होतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि रुक्माला वाटायला लागलं, आपलाही एक टीव्ही असावा. मोठा, डोळे न ताणता दिसणारा.

“दिवाळीले घे,” वसुंधरा म्हणाली. “सूट भेटते.”

दिवाळी आली. “गर्दीत जुना माल खपवतात व. नवे मॉडेल येऊ दे, मंग भाव पडतात.”

नवे मॉडेल आले. “आता क्रिकेट सुरू हाय. मॅचा संपू दे.”

शेवटी प्रफुलच वैतागला. “मावशी, तू टीव्ही घेऊन राहिली का मुहूर्त काढून राहिली?” त्याने दोघींना गाडीत घातलं आणि दुर्गच्या शोरूमला नेलं. तिथे विक्रेत्याने डोकं पिकवलं. भिंत किती, बसणार कुठे, आवाज कसा हवा. “माताजी, सामने खिड़की है तो ये चमकने वाला पैनल मत लीजिए. बंद रहेगा तो आईना बन जाएगा.” पण त्या चकचकीत पडद्यावर रंग असे उठून दिसत होते की रुक्माने त्याचं ऐकलं नाही. “ऐक त्याचं. आज राहू दे,” वसुंधरा कळवळून म्हणाली. रुक्मा म्हणाली, “आता राहू दे नाही.”

टीव्ही भिंतीवर चढला आणि रुक्माची मालिका घरीच सुरू झाली. थोड्याच दिवसांत पहिला फोटो आला, अनोळखी नंबरवरून. मग दुसरा. रुक्माने टीव्हीवर चादर टाकली आणि फोटो थांबले. प्रफुलने हसत चादर ओढली, “मावशी, ह्या मॉडेलमंधी कॅमेरा नसतेच,” आणि त्याच संध्याकाळी तिसरा आला. आता माणसाने घाबरू नये तर काय करावं?

चौथ्या फोटोनंतर प्रफुलने हसणं सोडलं. सकाळी तो चौकीतून हेड कॉन्स्टेबल केवलरामला घेऊन आला. केवलराम इथलाच, मराठी त्याला समजायची. त्याने टीव्हीच्या मागे बॅटरी मारून पाहिलं, खिडकी पाहिली, मग दिवाणासमोर खुर्ची ओढली.

“खिड़की से किसी ने खींचा होगा?”

“खिडकी माझ्या पाठीशी हाय, साहेब. फोटोत तोंड दिसते.”

“घर की चाबी और किसके पास है?”

“प्रफुलजवळ.”

“टीवी किसने लगवाया?”

“प्रफुलनंच.”

“वाईफाई का पासवर्ड?”

रुक्माने प्रफुलकडे पाहिलं. प्रफुलचा चेहरा लाल झाला. तिला आठवलं, गेल्या महिन्यात तोच म्हणाला होता, ‘मावशी, तू राजदीपकडं राहाय. घर मी पाहतो.’ आपल्या हाताने भरवलेलं पोरगं. नाही, नाही.

“मावशी, तुले माझ्यावर शक हाय?”

“मले कायीच समजून नाही राहिलं रे,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

केवलरामने फोन हातात घेतला. “नंबर तेलंगाना तरफ का है. ठग लोग होंगे. जाँच में टाइम लगेगा.” मग त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि त्याचा आवाज मऊ झाला. “बुरा मत मानना माताजी, फोटो में आप बिल्कुल मेरी माँ जैसी लगती हो. वही सीधा पल्ला.”

बिचारा धीर द्यायला बोलला होता. रुक्माने ऐकून सोडून दिलं. तिने तो फोटो एकदाही नीट पाहिलेला नव्हता. पाहवतच नव्हता.

दुपारी राजदीपने पुण्याचं तिकीट काढलं, दुसऱ्या दिवसाचं. “आई, घर बंद कर अन् निघ. पुन्हा तिथं एकटं राहायचं नाही,” तो म्हणाला. वसुंधराला सांगायचं रुक्माच्या जिवावर आलं. उद्या निघताना सांगू, म्हणून तिने बॅग काढली.

चार साड्या घडी करून ठेवल्या. मग केस नीट करायला म्हणून ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. डाव्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि तिचा हात तिथेच थांबला.

आरशातल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता.

सीधा पल्ला! इकडच्या कितीतरी बायका घेतात. केवलरामची आई घेते. पण रुक्माने जन्मात कधी घेतला नाही.

तिने फोन काढला. पहिल्यांदा तो फोटो डोळे उघडे ठेवून पाहिला. पदर उजव्या खांद्यावर. चहाचा कप डाव्या हातात. भीती गेली नाही, उलट वाढली. पण आता काय शोधायचं ते तिला कळलं.

“प्रफुल, केवलरामजीले घेऊन ये,” ती फोनवर म्हणाली. “दिवे लागायच्या टायमाले. अन् माफ कर रे बाबू, तू नव्हता तो.”

संध्याकाळी तिने प्रफुलला दिवाणावर आपल्या जागी बसवलं. ट्यूबलाइट लावली, टीव्ही बंद ठेवला, केवलरामला बाजूला उभं केलं. “फोन चालू ठेव,” एवढंच सांगून ती मागच्या गल्लीत उतरली.

गल्लीतून आपल्या हॉलच्या खिडकीत पाहिलं. छत दिसलं, ट्यूबलाइट दिसली, बाकी काही नाही. गल्ली खोल होती. यापेक्षा उंचावरून पाहायला हवं होतं.

तिने मान वळवली. समोर वसुंधराच्या स्वयंपाकघराची खिडकी होती, उंच जोत्यावरची.

“नाही,” ती स्वतःशीच म्हणाली. “माय वं, नाही.” पण पाय तिकडेच गेले.

“रुक्मा! आली व?” वसुंधराच्या चेहऱ्यावर केवढा आनंद! “किती दिवसांनी आली. बस, चहा टाकते.”

रुक्मा बसली नाही. ओट्याजवळ जाऊन तिने खिडकीतून पाहिलं. गल्लीपलीकडे तिची खिडकी, खिडकीतून पलीकडच्या भिंतीवरचा टीव्ही, आणि त्या काळ्या काचेत दिवाणावर बसलेला प्रफुल. स्वच्छ, तोंडासकट.

तिने फोन तोंडाजवळ नेला. “प्रफुल, उजवा हात वर कर.”

काचेतल्या प्रफुलने डावा हात वर केला.

ठग असता, चोर असता, भूत असतं तरी परवडलं असतं. पाठीमागे चहाचं आधण उकळत होतं.

“वसुंधरा, तो हैदराबादचा फोन कुठं हाय?”

“कोणता फोन?”

“तुझा पोरगा ठेवून गेला असन तो. नंबर तिकडचा हाय, केवलरामजीनं सांगितलं.”

“मले कायी माहीत नाही. तू काय बोलून राहिली?”

“मी सांगते, तू ऐक.” रुक्मा शाळेतल्यासारखी एकेक शब्द सोडवून बोलत होती. “पिन उपटली तरी फोटो आला, म्हणजे त्याले लाईट लागत नव्हती. चादर टाकली की येत नव्हता, म्हणजे काच लागत होती. फोटोत माझा पदर उजवीकडं हाय. केवलरामजीले खटकलं नाही, त्यांच्या घरी तसाच घेतात. पण माझा पदर आरशातच तसा दिसते. दुकानात त्या पोऱ्यानं सांगितलं होतं, बंद असला की आरसा होते. ऐकायले आपण तिघंच होतो. प्रफुलजवळ तं चाबी हाय, त्याले खिडकीतून कशाले काढा लागते? अन् खिडकीतून हे दिसते फक्त इथून. तुझ्या ओट्यापासून.”

वसुंधराने खिडकीकडे पाठ केली.

“अन् दिवाळीले घे, मॉडेल येऊ दे, मॅचा संपू दे. मले वाटे माझ्या पैशाची काळजी करून राहिली. तुले तं टीव्ही घरात येऊच द्यायचा नव्हता. कावून व? काय बिघडवलं होतं मी तुझं?”

“तू येईनाशी झाली,” वसुंधरा म्हणाली.

एवढंच. मग तिचा बांध फुटला. “रोज कप दोन काढते मी अजून. ह्या खिडकीतून पाहो, तू तिकडं एकटीच चहा पीत बसली. एकदा बोलावलं नाही तू. मले वाटलं, भेव वाटलं तं तू टीव्ही वापस करशीन. अन् पहिल्यासारखी येशीन.”

“भेव वाटलं का माणूस शेजारी नाही जात वं, लेकाकडं जाते!” रुक्मा ओरडली. “उद्याचं तिकीट हाय माझं, पुण्याचं. घराले कुलूप लावून चालली होती मी. कायमची.”

वसुंधरा मटकन खाली बसली. चहा उतू जाऊन गॅस विझला, तो रुक्मानेच बंद केला.

हातातला फोन खरखरला. केवलराम सगळं ऐकत होता. “माताजी, रिपोर्ट लिखूँ क्या?”

रुक्माने जमिनीवर बसलेल्या बाईकडे पाहिलं. तिच्या मनात दया नव्हती, अजिबात नव्हती. चार रात्री झोप नाही, भाच्यावर संशय घेतला, अन्न गोड लागलं नाही. हे सगळं हिच्यामुळे.

“रुकिए,” ती म्हणाली. “पहले मुझे इससे झगड़ लेने दीजिए.”

आणि ती भांडली. अशी भांडली की गल्लीतले लोक दारात आले. घसा बसल्यावर तिने राजदीपला फोन करून तिकीट रद्द करायला सांगितलं. केवलरामने वसुंधराकडून तो फोन घेतला, दोघींसमोर फोटो पुसले, आणि पुन्हा असं झालं तर सोडणार नाही, असं हिंदीत चांगलं खडसावून तो गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुढच्या दाराची कडी वाजली. वसुंधरा उभी होती, मान खाली घालून.

“माफ नाही केलं मी,” रुक्मा म्हणाली. “चप्पल बाहेर काढ.”

दोघी दिवाणावर बसल्या. मालिकेला अजून वेळ होता. समोरच्या काळ्या काचेत दोन म्हाताऱ्या दिसत होत्या, दोघींचेही पदर उजव्या खांद्यावर. रुक्माच्या अंगावर काटा आलाच. ती उठली, खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि मग टीव्ही लावला.