गणिताचा रिकामा तास

शाळा टेकडीच्या पायथ्याशी होती. वर पत्रे, पुढे मैदान आणि मैदानाच्या कडेला बसथांबा. गणिताच्या नव्या मॅडम तिथे उतरल्या तेव्हा मनात म्हणाल्या, पळसाला पाने तीनच. इथेही मागच्या बाकांवर कुजबुज असणार, इथेही कागदाचे बोळे उडणार.

त्यांचं तोंड एकदा दुधाने चांगलंच पोळलं होतं. आधीच्या शाळेने 'वर्गावर ताबा नाही' असा शेरा मारून त्यांना घरी बसवलं होतं. गणित त्यांना उत्तम येत होतं, पण शिकवायच्या त्या फळ्याला. तोंड फळ्याकडे, पाठ पोरांकडे. पोरांनी त्यांना 'फळामावशी' म्हणायला सुरुवात केली होती. इथल्या तपासणीतही असाच शेरा आला, तर मास्तरकी कायमची सुटणार होती. आणि मास्तरकी सोडून दुसरं काही करण्याची त्यांना कल्पनाही सहन होत नव्हती.

"तुमची जागा कित्येक वर्षं रिकामी होती," हेडसर म्हणाले. "जाहिराती देऊन थकलो. इकडे कोण येतंय मरायला!" मग जीभ चावून म्हणाले, "म्हणजे, तुम्ही आलात ते फार बरं झालं."

"मग इतकी वर्षं गणित कोण शिकवत होतं?"

"पोरं आपली आपण बसतात. गुणी आहेत हो," हेडसर म्हणाले आणि घाईघाईने चष्मा पुसायला लागले.

पहिल्या दिवशी मॅडम वर्गाजवळ आल्या तेव्हा आत चकार शब्द नव्हता. त्या दाराच्या अलीकडेच, भिंतीच्या आडोशाला थांबल्या. वर्गप्रमुख मुलीने फळा पुसला, टेबलावर खडू ठेवला आणि ती जागेवर गेली. घंटा झाली. सगळा वर्ग उभा राहिला, क्षणभर थांबला आणि एकदम खाली बसला. समोर कुणीच नव्हतं.

मॅडम आत शिरताच वर्ग पुन्हा उभा राहिला, जरासा गोंधळून.

"आत्ता कुणासाठी उभे राहिलात?"

वर्गप्रमुख मुलगी फार पोक्त बोलायची म्हणून सगळे तिला आजीबाई म्हणत. ती म्हणाली, "तास सुरू झाला ना, मॅडम."

नुसती शिस्त असती तर मॅडमना एवढं नवल वाटलं नसतं. पण पोरांना येत काय होतं! शून्याने का भागायचं नाही, असं विचारल्यावर एक ठेंगणा मुलगा शांतपणे म्हणाला, "शून्य जणांत वाटायचं म्हणजे वाटायचं कुणाला, मॅडम?" घोकलेलं कुणी बोलतच नव्हतं. एखाद्याचं गाडं अडलं की बाकीचे पेन खाली ठेवायचे आणि त्याला कळेपर्यंत थांबायचे. कुणी हसायचं नाही, कुणी घाई करायचं नाही. मॅडमना अगदी भरून आलं. असा वर्ग आपोआप होत नाही. कुणीतरी यात उभी हयात ओतली आहे, असं त्यांना वाटलं आणि त्या न पाहिलेल्या माणसाचा मनापासून हेवाही वाटला.

मुलं त्यांचं सगळं ऐकायची. फक्त, त्या एखादी पायरी गाळून पुढे गेल्या, की सगळ्यांचे डोळे त्यांच्यावरून सुटायचे आणि खिडकीपाशी जायचे. तिथून सावकाश दाराकडे सरकायचे, पुन्हा खिडकीकडे यायचे. येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाकडे बघावं तसे.

मॅडम गणिताच्या. कारण शोधल्याशिवाय त्या कशावरच विश्वास ठेवणार नव्हत्या. कवडसा हलतोय का पाहिलं, बाहेर पाखरं आहेत का पाहिलं. शेवटी एकदा शिकवता शिकवता त्या स्वतःच खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वर्ग अवघडला. काहींनी माना खाली घातल्या.

"मॅडम," आजीबाई हळूच म्हणाली, "जरा अलीकडे सरकता का?"

"का गं?"

"तुम्ही तिथे असलात की फळा दिसत नाही."

मॅडमच्या आड फळ्याचा कोपराही येत नव्हता. तरीही त्या सरकल्या.

पुढे त्यांनी कारण शोधणं सोडलं आणि त्या पोरांचे डोळे वाचायला शिकल्या. नजरा हलल्या, की आपलं काहीतरी राहिलंय. मग थांबायचं, मागे यायचं, नव्याने सांगायचं. त्यासाठी पोरांकडे तोंड करावंच लागायचं. हळूहळू त्यांना शिकवता यायला लागलं. मधल्या सुट्टीत पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची, आणि फळामावशी हे नाव या शाळेपर्यंत पोचलंच नाही.

तपासणीच्या दिवशी साहेब हेडसरांबरोबर आले आणि शेवटच्या बाकावर बसले. विषय होता त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. मॅडमनी त्रिकोण काढला, मग वरच्या टोकातून पायाला समांतर रेषा ओढली.

पेनं खाली ठेवली गेली.

"मॅडम," ठेंगण्या मुलाने विचारलं, "हीच रेषा का? ही सुचली कशी?"

मॅडमनी पुन्हा रेषेकडे पाहिलं. पुस्तकात होती म्हणून काढली, हे साहेबांसमोर कसं सांगणार? आयुष्यभर त्यांनी ही रेषा अशीच ओढली होती.

डोळे त्यांच्यावरून सुटले. खिडकीकडे गेले.

मॅडमनी खडू टेबलावर ठेवला. काय करतो आहोत हे कळायच्या आत त्या पहिल्या बाकावर आजीबाईशेजारी जाऊन बसल्या.



नजरा खिडकीपासून दाराकडे गेल्या. परत आल्या. फळ्यावर थांबल्या.

"तिन्ही कोन तीन ठिकाणी आहेत," मागून एक मुलगी म्हणाली. "बेरीज करायची तर एका जागी आणायला हवेत."

"आणि सरळ रेषेवर आले तर मोजायलाच नकोत!" ठेंगणा ओरडला.

साहेब खूश होऊन उठले. "वा! मुलांना विचार करायला सोडून स्वतः बाजूला होणारा शिक्षक मी आज पहिल्यांदा पाहिला. तुम्ही इथेच राहायचं, मॅडम. तसंच लिहून देतो." हेडसरांच्या खांद्यावर थाप मारत ते त्यांच्याबरोबर बाहेर पडले.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मिळालं होतं. सगळं मिळालं होतं. पोरांचे आभार मानायला त्या मागे वळल्या.

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. कुणी हसत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं.

"काय झालं?"

"उभ्या राहा ना, मॅडम," आजीबाई त्यांच्या कानाशी कुजबुजली. "तुम्हाला विचारलंय."

मॅडम उभ्या राहिल्या. प्रश्न त्यांनी ऐकला नव्हता. तरी त्या बोलायला लागल्या, सावकाश, एकही पायरी न गाळता, रेषेपासून थेट बेरजेपर्यंत.

मग त्या खाली बसल्या. बसा, असं त्यांना कुणी म्हटलं होतं का, हे नंतर काही केल्या त्यांना आठवलं नाही.