नसलेल्या हिंमतरावांना आलेला फोन

सुलभाकाकूने डबा बांधला होता, आल्हादने बॅट खांद्यावर टाकली होती, आणि नेमकी तेव्हाच गोजरबाई दारात येऊन उभी राहिली. दिवाळीच्या सुट्टीत गार्गी आणि तिचा धाकटा भाऊ आल्हाद मलकापूरहून मोताळ्याला काकांकडे आले होते. चुलतबहीण श्रद्धाला घेऊन नळगंगेच्या धरणावर जायचं, असा बेत तीन दिवसांपासून शिजत होता. त्या दिवशी ते गेले नाहीत. पुढेही गेले नाहीत.

"बसा ना मावशी," काकू म्हणाली.

"बसाले नाई आली वं. माहे कागद द्या वापस."

आतून उद्धवकाका आले. ते एका कचेरीत कारकून. सुट्टीच्या दिवशी घरच्या कॉम्प्युटरवर म्हाताऱ्याकोताऱ्यांचे निराधार योजनेच्या पेन्शनचे फॉर्म फुकट भरून द्यायचे, वर चहाही पाजायचे. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं त्यांचं नाव विचारत घरी यायची.

"काय झालं मावशी?"

"काल एकाचा फोन आला. साहेब बोलतो म्हणे. माहं नाव सांगतलं, गाव सांगतलं, आधारचा नंबर घडाघडा म्हणला. मालक जाऊन नऊ वर्सं झाले माहे, त्यायचंबी नाव घेतलं. आन् म्हणे, मोबाइलवर आकडा आला तो सांगा." गोजरबाईने पदराने डोळे पुसले. "म्या नाई सांगतला. पन हे समदं मी फक्त तुमच्याजोळ देल्लं होतं, उद्धवभाऊ. दुसऱ्या कोनाले ठाऊक हाये?"

अशी तक्रार घेऊन आलेली आठवड्यातली ही तिसरी होती. पहिले दोघे चिडले तरी होते. ही रडत होती, आणि ते जास्त वाईट होतं. काकांनी कपाटातून तिची फाइल काढून दिली. ती गेली.

"बाबांनी कागद विकले, असं म्हणून राह्यले गावात," श्रद्धा हळूच म्हणाली. "काल शेजारची सारिका माझ्याशी बोलली नाही."

"मग कॉम्प्युटरच विकतो," काका म्हणाले. "कुणाचं करायलाच नको."

गार्गी तेरा वर्षांची होती आणि गप्प बसणं तिला जमत नसे. ती कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. चालू करताच पडद्याच्या कोपऱ्यातून एकापाठोपाठ एक चौकटी उगवायला लागल्या. लॉटरी लागली. वजन घटवा. मग लाल चौकट कर्कश पीं-पीं करत आली : तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सतरा व्हायरस सापडले आहेत.

"सतरा!" आल्हाद म्हणाला. "माझ्या वर्गातबी एवढी पोरं नाहीत बे."

काकांनी मागून हात घालून सवयीने 'अलाउ' दाबलं.

"काका, काऊन दाबलं?"

"काऊन म्हणजे? आलेला कागद परत पाठवायचा नसतो. घ्यायचा, नोंद करायची."

काका वीस वर्षं आवक टेबलावर बसत होते. येईल ते टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा. नाही म्हणणं त्या टेबलाच्या कामातच नव्हतं. आणि ही सवय त्यांनी घरच्या कॉम्प्युटरलाही लावली होती.

गार्गीने दोघांना अंगणात बोलावलं. "मला वाटतं, काका फॉर्ममध्ये जे टाइप करतात ते कोणीतरी इथूनच चोरून नेऊन राह्यलं. पण पटवायचं कसं?"

"पोलिसाले सांगू," आल्हाद म्हणाला.

"काय सांगशील? पुरावा पाहिजे."

पुरावा त्यांनी स्वतःच तयार केला. श्रद्धाने एक म्हातारा रचला. नाव हिंमतराव, वय एकाहत्तर, बायकोचं नाव संजीवनी. गार्गीने ही माहिती निराधारच्या कोऱ्या फॉर्मात टाइप केली. मोबाइल नंबर मात्र खरा टाकला. आईने सुट्टीपुरता दिलेल्या साध्या फोनचा होता तो, आणि घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हता. आधारच्या चौकटीत बारा आकडे मनचे टाकले. मग फॉर्म न पाठवताच पान बंद करून टाकलं. कागद नाही, सही नाही, पाठवलेलं काही नाही. हिंमतराव नावाचा माणूस आता फक्त तिघांना आणि त्या कॉम्प्युटरला माहीत होता.

दोन दिवस फोन वाजला नाही. तेवढ्या वेळात आणखी चार जण येऊन आपापल्या फाइली घेऊन गेले. काका अंगणातल्या खुर्चीत बसून राहायचे. काकू जेवायला हाक मारायची तर म्हणायचे, भूक नाही. बाजाराच्या दिवशी ते भाजीलाही गेले नाहीत. लोक बघतात, म्हणाले. गार्गीला वाटायला लागलं की आपला सगळा शहाणपणा पोकळ आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. गार्गीने स्पीकर चालू करून फोन काकांपुढे धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हिंमतराव बोलतात का? तुमची मिसेस संजीवनी ना? निराधारच्या ऑफिसातून बोलतोय."

आल्हादने घसा खाकरून म्हाताऱ्याचा आवाज काढला. "हाव, बोला सायेब."

"मोबाइलवर सहा आकडे आलेत, ते सांगा."

"सांगतो ना. पन मी जल्मलोच नाई अजून, त्याचं कसं करता?"

पलीकडून फोन कट झाला. गार्गीने काकांना हिंमतरावांचा जन्म कसा झाला ते सांगितलं. काकांचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. तो आणखी उतरला.

"म्हणजे मी विकलं नाही," ते म्हणाले, "पण गेलं माझ्याच घरातून."

आता साफसफाई. गार्गीने आधी इंटरनेटच्या राउटरची वायर काढली, म्हणजे आणखी काही बाहेर जायला नको. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये काकांनी परवानगी दिलेल्या साइटींची यादी निघाली. एकशे बारा! तिघांनी आळीपाळीने एकेक काढून टाकली आणि पॉपअप बंद केले. ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांच्या, म्हणजे एक्स्टेन्शनच्या, यादीत एक अनोळखी नाव होतं. पानावर टाइप केलेलं वाचण्याची परवानगी त्याने घेतली होती. तेही काढलं. कॉम्प्युटर बंद करून परत लावला. ते अनोळखी नाव परत जागेवर हजर.

पुन्हा काढलं. पुन्हा आलं. पाचव्यांदा आलं तेव्हा श्रद्धा उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "राहू दे. कितीही केलं तरी होत नाही. लोक आता येणारच नाहीत बाबांकडे."

"एक्स्टेन्शनले कोणीतरी परत आणून राह्यलं," गार्गी स्वतःशीच पुटपुटली. "काका, हे कधीपासून सुरू झालं? आठवतं काही?"

"आठवायचं कशाला? नोंद आहे की."

काकांनी टेबलाच्या खणातून जाड वही काढली. वर सुंदर अक्षरात लिहिलं होतं : आवक नोंदवही, घर. कॉम्प्युटरवर उगवलेली प्रत्येक चौकट त्यांनी तारीख आणि क्रमांक टाकून नोंदवली होती! आल्हादला हसू आवरेना; काकूने डोळे वटारल्यावर आवरलं. गार्गी मात्र थेट पहिल्या पानावर गेली. आवक क्रमांक एक, अकरा ऑगस्ट : फोटो लहान करण्याचे मोफत साधन. स्वीकारले.

"फॉर्मला फोटो पन्नास केबीच्या आत लागतो," काका म्हणाले. "लोकांचे फोटो मोठे असतात. म्हणून घेतलं."

प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावली. अकरा ऑगस्टला ते साधन आलं होतं आणि त्याच मिनिटाला, न विचारता, आणखी एक प्रोग्रॅम. दोन्ही काढले. मग ते एक्स्टेन्शन काढलं. कॉम्प्युटर परत लावला. ते आलं नाही. अँटीव्हायरसची पूर्ण तपासणी तीन तास चालली आणि राहिलेल्या दोन फाइली सापडल्या. सगळे पासवर्ड काकूच्या मोबाइलवरून बदलले. पडदा स्वच्छ होता, पीं-पीं नव्हती.

"शाबास रे पोरांनो," काका म्हणाले. काकूने तिघांना जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी काकांनी पोरांना सोबत नेऊन पोलिसांत तक्रार दिली, सोबत वही जोडली. तिथल्या साहेबांनीही गार्गीची पाठ थोपटली. पण तिने विचारलंच, "गेलेली माहिती परत येईल का?" साहेबांनी मान हलवली. नाही.

परतताना काका घरी न जाता गोजरबाईच्या गावाकडे वळले. पोरं मागोमाग. तिच्या अंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग होता. काका उभ्यानेच बोलले.

"मावशी, मी विकलं नाही. पण चूक माझीच. नको ते कॉम्प्युटरवर घेतलं, त्यातून तुमची माहिती गेली. ती आता परत येणार नाही. असे फोन पुढेही येतील. कुणालाही आकडा सांगू नका."

गोजरबाईने ढिगाबाहेर सांडलेला कापूस आत सारला. मग म्हणाली, "हे कोनं हुडकलं?"

काकांनी तिघांकडे बोट दाखवलं. तिने गार्गीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "लय गुनाचे लेकरं हायेत." आतून तिने फाइल आणली. काकांनी हात पुढे केला, पण तिने ती गार्गीच्या हातात दिली.

"फारम राह्यला हाये माहा. तू भर. उद्धवभाऊले नोको देऊ."

काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "बरोबर आहे, मावशी," ते म्हणाले.

गार्गीला आजवर इतकी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती. तिला ती फाइल तिथेच टाकून पळून जावंसं वाटलं.